मास्तर, डबा लहान ठेवा

नमस्कार भाऊ,

मी फोंड्याजवळच्या एका गावात राहतो. माध्यमिक शाळेत गणित शिकवून चार वर्षांमागे निवृत्त झालो. पन्नाशीत सिगारेट सोडली, ती परत धरली नाही. दोन वर्षांपूर्वी जावई दुबईहून आले तेव्हा त्यांनी क्युबन सिगारची पेटी आणली. दहा होत्या. सणावारी किंवा कोणी जुना मित्र आला की एक, अशा त्या दीड वर्ष पुरल्या आणि मला त्या तासाची गोडी लागली. आता पेटी संपली. तसली विकत घेणं पेन्शनीत बसत नाही, म्हणून पणजीहून दीडशे रुपयांना एक या भावाने यंत्रावर केलेल्या सिगार आणल्या. जीभ भाजते, शेवटी तोंड कडू होतं आणि जूनमध्ये उरलेल्यांवर पांढरी लव आली. मित्र म्हणतात, असली स्वस्त सिगार ओढण्यापेक्षा न ओढलेली बरी. रोज संध्याकाळी एक स्वस्तातली सिगार आनंदाने ओढता येईल का? येत असेल तर कशी? सौ.ला वास खपत नाही. शिवाय माझे विद्यार्थी गावभर आहेत, तेही मनात असतं.

एक निवृत्त शिक्षक

प्रिय मास्तर,

स्वस्तातली सिगार आनंदाने ओढता येते, अगदी मनापासून. रोज मात्र ओढू नका. दोन्ही उत्तरं आधीच देऊन ठेवतो, म्हणजे पुढचं सगळं वाचताना तुमच्या मनात संभ्रम राहणार नाही.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: दहा सिगार दीड वर्ष पुरल्या. त्या महाग होत्या म्हणून पुरल्या. पेटीला हात लावताना दर वेळी तुम्ही थांबून विचार केला असणार, आज तसा दिवस आहे का? कोणी बोलायला आहे का, हातात निवांत तास आहे का? दीडशेच्या सिगारला हा पहारा नाही. ती हाताशी असते, संपली तर पणजीला जाणारा कोणीही आणून देतो, आणि महिन्याभरात माणूस केवळ सात वाजले म्हणून पेटवायला लागतो. मग चव लागेनाशी होते आणि दोष सिगारच्या किमतीला जातो. तुमच्या मित्रांच्या म्हणण्यात खरं आहे ते एवढंच. पूर्वी किंमत जो विचार तुमच्याकडून करवून घेत होती, तो आता तुम्हाला स्वतःहून करावा लागेल. पैशांत वाचवलंत ते संख्येत घालवू नका.

मी बरीच वर्षं पणजीतल्या एका हॉटेलात बारमागे काढली. उंची सिगार पेटवून फोनवर बोलत बसणारे, ती पुन्हा पुन्हा विझू देणारे आणि अर्धी राखदाणीत सोडून उठणारे पुष्कळ पाहिले. आमच्या स्वयंपाकघरातला एक वयस्क आचारी मात्र सुट्टीच्या आदल्या रात्री मागच्या पायरीवर बसून साधा त्रिचीचा चिरूट ओढायचा. तेवढा वेळ त्याला कोणी हाक मारत नसे. त्याच्याइतकं समाधान मी त्या हॉटेलात दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. म्हणून मित्रांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. दक्षिणेत त्रिचीजवळच्या उरैयूरचे चिरूट एकोणिसाव्या शतकात इंग्रज अंमलदारांच्या ओठांत असत आणि बोटीतून थेट इंग्लंडला जात. त्याच प्रकारचा चिरूट तिथला गाडीवानही ओढत असे. साधी, रोजच्या वापरातली सिगार ही लाज वाटावी अशी गोष्ट कधीच नव्हती.

आता जीभ का भाजते ते पाहू. सिगार तीन थरांची असते: आतलं भरण, त्याला आवळून धरणारं बांधणीचं पान आणि वरून गुंडाळलेलं देखणं पान. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये भरणाची पानं लांबच्या लांब असतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घड्यांमधून हवा सावकाश जाते, जळण सावकाश होतं, धूर थंड राहतो. यंत्रावरच्या स्वस्त सिगारमध्ये भरण म्हणजे पानांचा चुरा. बऱ्याचदा बांधणीला खरं पानही नसतं. तंबाखूचा लगदा लाटून केलेला कागदासारखा पापुद्रा असतो. चुरा भराभर जळतो आणि धूर गरम येतो. क्युबन सिगार जेवढ्या जोराने ओढत होता तेवढ्याच जोराने तुम्ही हीसुद्धा ओढत असणार. तिथेच बिनसलं.

पहिला उपाय दुकानातच आहे. जेवढे पैसे खर्चायचे ठरवले असतील तेवढ्यात मोठी यंत्रावरची घेण्यापेक्षा लहान, बारीक, हाताने वळलेली आणि लांब पानाच्या भरणाची घ्या. चार इंचांची पुरे. ती अर्धा तास चालते, आणि तुमच्या वयाला आणि पेन्शनीला अर्धा तास भरपूर आहे. दोन यंत्रावरच्या सिगारच्या पैशांत अशी एक मिळाली तरी सौदा तुमच्याच फायद्याचा. हातात घेऊन अंगठा आणि बोटाने हलकेच दाबून बघा. एखाद्या ठिकाणी पोकळ लागली तर तिथे ती वेडीवाकडी जळेल. एखाद्या ठिकाणी गाठ लागली तर धूर ओढता ओढता गाल दुखतील. टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर पाकीट तिथेच परत द्या, तो किडा आहे. व्हॅनिला, चेरी, रम असल्या वासांच्या घेऊ नका. वास लावतात तो बहुतेक वेळा हलकं पान झाकायला, आणि त्यातल्या गोडीने माणूस एकामागून एक पेटवतो.

किनाऱ्यावरच्या टपरीत किंवा कोणी हिंडता माणूस 'क्युबन आहे, स्वस्तात देतो' म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. नकली मालाचा सुळसुळाट आहे आणि आत काय भरलंय ते देवच जाणे. एक सोपी खूण सांगतो. भारतात कायद्याने विकायच्या प्रत्येक तंबाखूच्या वेष्टनावर, बाहेरून आयात केलेल्याही, चित्रासह धोक्याची सूचना छापावी लागते. ती नसेल तर माल चोरवाटेने आलेला किंवा खोटा.

यंत्रावरच्या उरलेल्या सरसकट फेकू नका (लव आलेल्यांचं पुढे सांगतो), चांगल्या असतील त्यांच्यासाठी इटलीतली एक रीत सांगतो. १८१५ च्या ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्सला वाळत घातलेली तंबाखू अवचित पावसात भिजली आणि आंबली, अशी तोस्कानो सिगारची जन्मकथा सांगतात. वाया गेलेल्या मालाच्या स्वस्त सिगार वळून त्या शहरातल्या सामान्य लोकांना विकल्या, आणि त्या लोकांना इतक्या आवडल्या की आजही तिथे तोस्कानो चालते. ती सुकीच ठेवतात, आणि पुष्कळ लोक ती मधोमध कापून अर्धीच ओढतात. ही अर्ध्याची रीत मला फार शहाणपणाची वाटते. तुमच्या सिगारही धारदार सुरीने एका फटक्यात अर्ध्या करा. अर्धी ओढलीत तर शेवटचा कडू भाग तोंडात येण्याआधीच तुमचं समाधान झालेलं असेल.

पुढच्या खेपेला जावईबापूंनी विचारलं तर मोठी पेटी नको म्हणा, लहान आकाराचं एखादं पाकीट मागा. परदेशातून येताना प्रवाशाला करमुक्त आणता येणाऱ्या सिगारची मर्यादा २५ आहे, तेव्हा पाकीटभर आणायला त्यांना काही अडचण यायची नाही.

आता पांढऱ्या लवेचं. यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण आपल्या गोव्यात सिगार बिघडते ती बहुधा इथेच, आणि लोक दोष मात्र दुकानदाराला देतात.

सिगारबद्दल जे काही वाचायला-पाहायला मिळतं त्यातलं बरंचसं थंड, कोरड्या देशांतल्या लोकांनी सांगितलेलं असतं. त्यांच्या घरात हिटर चालतो, हवा कोरडी पडते, पान तडकतं. म्हणून ते लाकडी पेटीत ओला स्पंज ठेवायला सांगतात. सिगारला पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर घरातल्या घरात हवा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, चपलांना बुरशी येते, कपाटातले कपडे ओलसर लागतात. त्यात तुम्ही स्पंज ठेवलात तर सिगार कुजणारच. पान फुगतं, वरचं आवरण उकलतं, ओढताना जोर लागतो, मध्येच विझते आणि चव आंबूस-कडू लागते. तुमच्या कडवटपणाचं अर्धं कारण हेच असणार.

पावसाआधी आपल्या घरांत पुरुमेंत भरतात, सुकी मासळी, मिरच्या, सोलं, मीठ, कांदे, सगळं चार महिन्यांच्या हिशेबाने. सिगारचा साठा असा भरायचा नाही, उलट मे महिन्यात तो कमी करत आणायचा. पावसाळ्यात घरात चार-पाचापेक्षा जास्त असू नयेत. त्यांना लाकडी पेटी नको, घट्ट झाकणाचा लहान डबा घ्या, रबराची कड असलेला. त्यात पासष्ट टक्क्यांची, ओल शोषणारी आणि सोडणारी अशी दुहेरी काम करणारी पुडी ठेवा. या पुड्या ऑनलाइन मिळतात. ती नसेल तर सिलिका जेलच्या लहान पुड्या चालतात, पण त्या सिगारला पार कोरड्या करतात, म्हणून एक-दोन दिवसांनी काढून घ्या आणि पानाला हात लावून बघा. दाबल्यावर किंचित दबून परत वर आलं पाहिजे. कुरकुरलं तर जास्त सुकली, बोट रुतलं तर अजून ओली. मिठाच्या भांड्यात आपण तांदळाचे दाणे टाकतो तसे इथे टाकू नका, तेवढी ओल त्यांना झेपत नाही आणि कोंड्याचा वास पानाला लागतो. शंभर-दोनशे रुपयांचा लहान आर्द्रतामापक डब्यात ठेवलात तर अंदाजाने चालायची गरज राहणार नाही. गणिताच्या मास्तरांना आकडा दिसलेला बरा.

डबा स्वयंपाकघरात नको. तंबाखूचं पान वास ओढून घेतं. सुके बांगडे, सुंगटं, मसाल्याचे डबे यांच्या फळीवर ठेवलात तर तोच वास धुरात येईल. डांबराच्या गोळ्या किंवा कापूर असलेल्या कपाटात तर मुळीच नको. उन्हाची भिंत आणि गॅसची शेगडी यांपासून लांब, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा.

पांढरी लव आली आहे त्यांचं काय? नीट बघा. बुरशी कापसासारखी उभी असते, तिला निळसर-हिरवट छटा येते आणि पुसल्यावर पानावर डाग राहतो. पेटवायच्या टोकाला, म्हणजे भरणात, ती दिसली तर विचार न करता टाकून द्या. जुन्या सिगारवर तेलाची पांढरी भुकटी येते आणि ती चांगली असते, असं सांगणारे भेटतील. गोव्याच्या जूनमध्ये मी त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाही. किड्याचं म्हणाल तर त्याची अंडी पानात असतातच, आणि आपल्या उकाड्यात ती फुटतात. नवीन पाकीट आणलं की जाड झिपच्या पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीजरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर, असं करा. एकदम बाहेर काढलीत तर पान तडकतं.

एक गोष्ट मात्र आपल्या पंचांगाने आपोआप जमवून ठेवलीय. सिगार सर्वांत वाईट लागते ती भर पावसात, आणि त्याच दिवसांत श्रावण येतो. तुमच्या घरी श्रावणात मासळी बंद असेलच. सिगारही बंद ठेवा, चतुर्थी होईपर्यंत. डबा रिकामा करून, पुसून, उन्हाची तिरीप आली की उघडा ठेवा. चतुर्थीनंतर हवा हळूहळू सुधारते आणि डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी तर सिगार अशी जळते की तुम्हाला ती स्वस्तातली आहे हे आठवणारही नाही. श्रावण पाळण्याचा दुसरा उपयोगही आहे, तो खाली सांगतो.

ओढायची कशी? जेवणानंतर, पोट भरलेलं असताना. उपाशीपोटी कधीच नाही. हाताने वळलेली असेल तर तोंडाकडची टोपी, म्हणजे टोक झाकणारा पानाचा तुकडा, तेवढी कापा, दोन मिलिमीटरहून जास्त नको. खोल कापलीत तर वरचं पान सुटतं. यंत्रावरच्या सिगारला बहुतेक वेळा आधीच भोक असतं, आणि जुन्या पद्धतीच्या चिरुटाची दोन्ही टोकं उघडीच असतात. पेटवायला साधी काडीपेटी उत्तम, पण काडीचा गंधक जळून जाऊ द्या, मग ज्योत जवळ न्या. मेणबत्ती नको, निरांजन तर नकोच. सिगार ज्योतीत खुपसू नका. ज्योतीच्या थोडी वर धरून फिरवत राहा, टोक सगळीकडून सारखं निखाऱ्यासारखं दिसलं की मग पहिला झुरका.

यानंतर मिनिटाला एक झुरका, जास्त नाही. मला वाटतं साऱ्या सल्ल्यातला हा सर्वांत उपयोगी भाग आहे. चुऱ्याची सिगार असेल तर त्याहूनही सावकाश, आणि ओढ हलकी ठेवा. हातात धरल्यावर ती गरम लागायला लागली की समजा तुम्ही घाई करताय. खाली ठेवा, जरा अंगणाकडे बघा. मध्ये विझली तर विझू द्या, राख झाडून तासाभरात परत पेटवता येते. कडू लागली तर एकदा हलकेच बाहेर फुंका, आत कोंडलेला जुना धूर निघून जातो. राख स्वतःहून पडू द्या. शेवटची तिहाई उरली की ती सोडून द्या, चिरडू नका, राखदाणीत पडून आपोआप विझेल. चिरडल्यावरच सगळ्यात घाण वास सुटतो. उरलेलं थोटूक दुसऱ्या दिवसासाठी ठेवणं ही काटकसर नव्हे, त्याची चव जाते आणि घरभर वास राहतो.

आणि धूर छातीत घेऊ नका. तुम्ही सिगारेट ओढत होता, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. सिगारेट सोडलेल्या माणसाला आत ओढायची जुनी खोड असते आणि त्याच्या नकळत ती परत येते. धूर तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरू द्यायचा आणि सोडायचा.

सोबत बिनदुधाची कॉफी घ्या. दुधाचा चहा तोंडावर साय धरतो आणि मग धुराची चव कळत नाही, असं माझं मत. शेजारी पाणी असू द्या आणि बशीत दोदोलचा एक तुकडा. कधी गरगरल्यासारखं झालं, घाम फुटला तर सिगार ठेवून द्या आणि तो गोड तुकडा खा. अनेकांना त्याने बरं वाटतं. फेणी किंवा उर्राक त्या संध्याकाळी नको. बारमागे उभा राहिलेला माणूस हे सांगतोय म्हणून आश्चर्य वाटेल, पण दारू आणि तंबाखू एकत्र आली की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या बेरजेपेक्षाही वाढतो. ज्या संध्याकाळी फेणी त्या संध्याकाळी सिगार नाही, हा नियम मी स्वतः पाळतो.

आता रोज का नको ते सरळ सांगतो. सिगारेटपेक्षा सिगार सुरक्षित, हा समज खोटा आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या त्वचेतूनच रक्तात जातं. छातीत न ओढताही सवय लागू शकते. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका आत न ओढणाऱ्यालाही असतो, आणि रोजच्या संख्येबरोबर तो वाढत जातो. कधीतरी ओढलेली सिगारही निर्धोक नाही; ज्याने कधी ओढली नाही त्याला मी सुरू कर असं सांगणार नाही. पण तुम्ही ओढणारच असाल तर महिन्यातून दोन, फार तर तीन, त्याही लहान, एवढ्यावर थांबा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा पानातून तंबाखू खात असाल, तर माझं उत्तर बदलतं: मग एकही नको.

श्रावणाचा दुसरा उपयोग हाच. चतुर्थीपर्यंतचा तो महिना तुम्हाला सहज गेला तर ठीक. रोज संध्याकाळी चिडचिड झाली, हात डब्याकडे गेला, कोणाकडे तरी एक सिगारेट मागावीशी वाटली, तर मास्तर, जुनं दुखणं दार ठोठावतंय. तेव्हा डबा कायमचा बंद करायचा. एकदा सोडलेली सवय तुम्ही पुन्हा सोडू शकाल, आणि मदत लागली तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन क्रमांक आहे, तंबाखूच्या पाकिटांवरही तो छापलेला असतो.

सौ.च्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूचा आहे. घरात ओढू नकाच. राजांगण उघडं असतं म्हणून तिथे बसावंसं वाटेल, पण तिथला धूर चारही बाजूंच्या खोल्यांत शिरतो आणि गाद्या-पडद्यांत राहतो. सोप्यावरही वारा घराकडे वाहत असेल तर तीच गत. परसात, आगराच्या बाजूला एक खुर्ची टाका. नातवंडं असतील त्या दिवशी नाही. बाहेर जुना शर्ट घालायचा, ओढून झाल्यावर तो तिथेच दोरीवर टाकायचा, हात-तोंड धुवायचं, दात घासायचे आणि राखदाणी स्वतः रिकामी करून धुवायची. यातलं काहीही सौ.वर पडता कामा नये. राख तुळशीत टाकू नका. आणि परसात मिरची-टोमॅटोची रोपं असतील तर हात साबणाने धुतल्याशिवाय त्यांना शिवू नका; तंबाखूच्या पानातला विषाणू हाताने रोपांवर जातो आणि पानं चट्ट्यांनी भरून आक्रसतात. सौ.ना या शेवटच्या नियमाचं कौतुक वाटेल, कारण मिरच्या बहुतेक त्यांनीच लावलेल्या असतील.

विद्यार्थ्यांबद्दल तुम्ही मनात आणता हे मला आवडलं. गोव्याने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध १९९७ सालीच स्वतःचा कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा तिठ्यावर, बसस्टँडवर, देवळाच्या आवारात पेटवायचा प्रश्नच येत नाही. खरेदीचं म्हणाल तर गावातल्या गाड्यावर घेऊच नका, पणजीला कामासाठी जाल तेव्हा आणा. तिथे एखादा जुना विद्यार्थी भेटला तर पाकीट लपवू नका, त्याने त्याला उगाच गंमत वाटेल. तो मोठा असेल तर नमस्कार-चमत्कार करा, घरच्यांची चौकशी करा. शाळकरी मुलगा असेल तर पाकीट पिशवीत जाऊ द्या आणि त्याच्याशी अभ्यासाबद्दल बोला. कोणी कधी थेट विचारलंच, सर, तुम्ही ओढता? तर होय म्हणा, आणि सिगारेट सोडताना तुम्हाला किती त्रास झाला ते सगळं सांगा. तुमच्या तोंडून ऐकलेलं त्याला पाकिटावरच्या चित्रापेक्षा जास्त दिवस आठवेल.

एक काम मात्र पहिल्या सिगारच्या आधी करा. बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयात जाऊन तोंड तपासून घ्या, पूर्वी सिगारेट ओढत होतो हे तिथे सांगा, आणि दर सहा महिन्यांनी परत जा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तोंड पूर्ण उघडेनासं झालं, आवाज बसलेलाच राहिला, तर सहा महिन्यांची वाट न बघता त्याच आठवड्यात जायचं. चतुर्थी झाली की मला परत लिहा. श्रावण कसा गेला ते कळवा, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही.

तुमचा,
भाऊ